दुष्काळी मुलखातली आमरी

ऑर्किड हे नाव उच्चारताच डोळ्यांसमोर येतात ती सिक्कीम-अरुणाचलातील धुक्यात बुडालेली जंगले, थायलंडहून येणाऱ्या जांभळ्या फुलांच्या दांड्या, नाहीतर एखाद्या मोठ्या हॉटेलच्या स्वागतकक्षातील ती देखणी, एकाकी कुंडी. या चित्रात धाराशिव जिल्ह्याचे नाव कोणी घेणार नाही. बालाघाटच्या डोंगररांगांवर वसलेला हा पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा महाराष्ट्राला ठाऊक आहे तो तुळजाभवानीमुळे, नळदुर्ग-परांड्याच्या किल्ल्यांमुळे आणि दुष्काळामुळे. मे महिन्यात येथे पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी हवेतील ओलावा जवळजवळ नाहीसा होतो आणि अनेक गावांचे लक्ष टँकरच्या वाटेकडे लागते. अशा मुलखात ऑर्किड लावण्याची हौस म्हणजे वाळवंटात होडी बांधण्यासारखे आहे, असे कोणालाही वाटेल.

मलाही तसेच वाटले होते. आणि तसे वाटण्याला कारणही होते. काही वर्षांपूर्वी पुण्याहून आणलेली ऑर्किडची पहिली कुंडी आमच्या घरी जेमतेम सव्वा वर्ष जगली. दुष्काळी भागात झाड आणले आहे, तेव्हा त्याला पाण्याची कमतरता भासू द्यायची नाही, या निश्चयाने घरातील प्रत्येकजण येता-जाता तिला बोअरचे पाणी घालत असे. उन्हाळा वाढला तसे पाणीही वाढले. एके दिवशी पाने पिवळी पडून गळाली, कुंडी उपडी केली, तेव्हा मुळांच्या जागी तपकिरी, बुळबुळीत धागे हाताला लागले. झाड उन्हाने मेले नव्हते, तहानेनेही मेले नव्हते. ते पाण्याने मेले होते.

ऑर्किडविषयी आपला मूळ गैरसमज या एका घटनेत सापडतो. हे अतिलाडाचे, पाण्यावर पोसलेले झाड नव्हे. योग्य अर्थाने पाहिले तर ते दुष्काळाची सवय असलेले झाड आहे. ही गोष्ट नीट उमगली की धाराशिवसारख्या कोरड्या गावातही त्याची निगा राखता येते, आणि तीही पिण्याच्या पाण्यावर भार न टाकता.

फांदीवरचा दुष्काळ

ऑर्किडला मराठीत आमर किंवा आमरी असे नाव आहे. कोशांत आणि वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत ते आढळते. बोलण्यात मात्र ऑर्किडच रुळले आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणनेनुसार भारतात आमरीच्या १२५६ जाती आहेत. त्यांपैकी ७५७, म्हणजे सुमारे साठ टक्के, जाती झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढतात. घरी वाढवण्यासाठी आपण ज्या आणतो, त्याही बहुतेक याच सवयीच्या असतात.

झाडावर वाढते म्हणून तिला बांडगूळ समजले जाते. ‘व्हँडा’ या प्रजातीचे नावच मुळी संस्कृतातील ‘वंदा’ या शब्दावरून आले आहे आणि त्या शब्दाचा अर्थ बांडगुळाकडेच झुकतो. प्रत्यक्षात आमरी यजमान झाडाचा रस शोषत नाही. झाड तिला फक्त बसायला जागा देते. आता या जागेचा विचार करा. फांदीवर माती नाही, विहीर नाही, ओल धरून ठेवणारे काहीच नाही. पाऊस थांबला की तास-दोन तासांत साल कोरडी होते. भोवती घनदाट जंगल असले तरी फांदीपुरता तेथे रोजच दुष्काळ असतो. त्या दुष्काळाशी जुळवून घेताना आमरीने जी साधने कमावली, ती समजून घेणे हाच तिच्या निगेचा पाया आहे.

पहिले साधन मुळांचे. आमरीच्या मुळावर मृत पेशींचे एक पांढरे, स्पंजासारखे आवरण असते. पाऊस पडताच ते काही क्षणांत पाणी टिपून घेते आणि मग सावकाश आतल्या मुळाला पुरवते. आवरण कोरडे असताना मूळ चंदेरी-पांढरे दिसते. भिजले की आवरण पारदर्शक होऊन आतला हिरवा रंग वर येतो. पाणी घालावे की नाही, हे ठरवायला यापेक्षा सोपी खूण नाही. मुळे हिरवी असतील तर हात आखडता घ्यावा. चंदेरी झाली असतील तर पाणी द्यावे. मात्र या आवरणाला पाण्याइतकीच हवाही लागते. ते सतत भिजलेले राहिले की मूळ गुदमरते आणि कुजते. आमच्या पहिल्या कुंडीचे नेमके हेच झाले होते.

दुसरे साधन साठवणीचे. डेंड्रोबियमच्या उसासारख्या कांड्या, ऑन्सिडियमच्या तळाशी असलेल्या फुगीर गाठी, फॅलिनॉप्सिसची जाड पाने ही सारी त्यांची पाण्याची पिंपे आहेत. म्हणूनच डेंड्रोबियमची पाने झडलेली जुनी कांडी वाळकी समजून कापून टाकू नये. ती हिरवी आणि टणक असेल तोवर नव्या कोंबाला अन्नपाणी पुरवत असते.

पानफुटीचा आंबटपणा

तिसरे साधन डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचा शोध आपल्याकडे अंगणात लावल्या जाणाऱ्या एका झाडाशी जोडलेला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत मद्रास इलाख्यात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पानफुटीची पाने दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिली. सकाळी ती चांगलीच आंबट लागत, दुपारपर्यंत बेचव होत. हे निरीक्षण १८१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा उलगडा पुढे झाला. बहुतेक झाडे दिवसा पानांची छिद्रे उघडून कर्बवायू आत घेतात आणि त्या वेळी बरेच पाणी वाफेवाटे गमावतात. पानफुटी, निवडुंग, घायपात यांसारखी झाडे दिवसा छिद्रे मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात ती उघडतात. रात्री घेतलेला कर्बवायू आम्लाच्या रूपाने साठवला जातो, म्हणून सकाळी पान आंबट. दिवसा सूर्यप्रकाशात त्याच आम्लातून अन्न तयार होते.

फॅलिनॉप्सिस, व्हँडा, कॅटलिया यांच्यासारख्या जाड पानांच्या आमरी हीच युक्ती वापरतात. म्हणजे दिवाणखान्यातील ती नाजूक वाटणारी ऑर्किड आणि धाराशिवच्या माळरानावरील निवडुंग हे या बाबतीत एकाच पंथाचे. यातून निगेचा एक महत्त्वाचा धडा मिळतो. अशा आमरीला दुपारच्या उन्हाइतकाच रात्रीच्या हवेचा प्रश्न असतो. रात्र कोरडी आणि गरम असेल तर छिद्रे उघडताच पाणी निघून जाते. धाराशिव सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे आणि उन्हाळ्यातही येथे सूर्यास्तानंतर हवा बऱ्यापैकी उतरते, ही त्या दृष्टीने जमेची बाजू आहे. उणीव आहे ती ओलाव्याची, आणि ती आपल्याला भरून काढायची आहे.

निवड कोणाची?

आमरीच्या निगेतील अर्धे यश निवडीत असते. सिक्कीम-दार्जिलिंगच्या सहलीहून परतताना सिंबिडियमची रोपे आणण्याचा मोह अनेकांना होतो. त्यांना फुलण्यासाठी थंड रात्री लागतात. मराठवाड्यात ती जगली तरी फुलणे कठीण. ती तेथेच पाहून यावीत.

नवशिक्याने डेंड्रोबियमपासून आरंभ करावा. जांभळ्या, पांढऱ्या फुलांचे जे संकर फुलबाजारात नेहमी दिसतात, ते उष्णता बऱ्यापैकी सोसतात, भरपूर उजेड मागतात आणि चुका पोटात घालतात. बाल्कनी किंवा गच्ची असलेल्यांनी हेच निवडावे. ज्यांच्याकडे केवळ खिडकी आहे, त्यांना फॅलिनॉप्सिस योग्य. पतंगाच्या पंखांसारख्या पाकळ्यांची ही फुले महिना-दोन महिने टिकतात आणि तिला सौम्य उजेड पुरतो. मात्र तीव्र उन्हाळ्यात तिला घरातच ठेवावे लागते. ज्यांना कुंडीत माती घालूनच समाधान वाटते, त्यांनी स्पॅथोग्लॉटिस ही जमिनीवर वाढणारी आमरी लावावी. पालापाचोळ्याचे खत, वाळू आणि थोडी माती यांच्या मिश्रणात ती सहज वाढते.

आणि एक नाव आपल्या दख्खनचेच: व्हँडा टेसेलाटा. आंबा, बाभूळ यांसारख्या झाडांवर, कोरड्या पानगळी रानांतही वाढणारी ही आमरी. पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी चौकड्या, जांभळट ओठ आणि मंद सुवास. काही प्रांतांत तिच्या मुळांचा रास्ना म्हणून औषधात उपयोग होतो. रोपवाटिकेत वाढवलेले रोप मिळाले, तर लाकडाच्या ओंडक्यावर बांधून ते वाढवावे. कोरड्या हवेशी जमवून घेण्याची कला तिला वेगळी शिकवावी लागत नाही.

खरेदीचा काळही महत्त्वाचा. मार्च-एप्रिलमध्ये आणलेले रोप स्थिरावण्याआधीच त्याच्यावर उन्हाळा कोसळतो. मृगाचा पाऊस होऊन हवा निवली की, जून ते सप्टेंबर या काळात रोप आणावे. मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मुळे धरायला त्याला सात-आठ महिने मिळतात.

कुंडी आणि भरण

झाडावरील आमरीला माती चालत नाही. लाकडी कोळसा, विटांचे किंवा कौलांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे यांचे भरण करावे. तुकडे साधारण सुपारीएवढे असावेत, म्हणजे त्यांच्यामधून हवा खेळते. सोडणात क्षार असतात. म्हणून ते आठवडाभर पाण्यात भिजत घालावे आणि दर दिवसाआड पाणी बदलावे.

कोकणासाठी लिहिलेला सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. दमट हवेत कोळसा आणि वीट जास्त, सोडण नावापुरते, असे प्रमाण सांगितले जाते. आपल्याकडे सोडण निम्मे तरी असावे. व्हँडा टेसेलाटा वगळता मोकळ्या मुळांच्या, नुसत्या टोपलीत लटकवायच्या व्हँडा दिसायला मोहक असल्या, तरी मे महिन्यात त्यांना दिवसातून दोन-तीनदा भिजवावे लागते. नोकरी करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. डेंड्रोबियमला बाजूंनी भोके असलेली मातीची कुंडी चांगली. फॅलिनॉप्सिसला पारदर्शक प्लास्टिकची कुंडी सोयीची, कारण ओल थोडी अधिक टिकते आणि मुळांचा रंग बाहेरून दिसतो. कुंडी झाडाच्या मानाने लहानच असावी. मोठ्या कुंडीतील भरण मध्यभागी ओले राहते आणि कुज तेथूनच सुरू होते.

दर दोन वर्षांनी, नवी मुळे फुटू लागताना, भरण बदलावे. कुजलेली मुळे ज्वाळेवरून फिरवून थंड केलेल्या पात्याने कापावीत आणि कापाला दालचिनीची पूड लावावी.

दोन पिंपांचा हिशेब

आता मुख्य प्रश्न पाण्याचा. तो केवळ बागकामाचा नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ‘जलदूत’ नावाची ती गाडी या भागातील कोणीही विसरलेले नाही. ज्या मुलखाने असे दिवस पाहिले, तेथे फुलांच्या हौसेसाठी पाणी वापरावे का, हा प्रश्न मनात येणे योग्यच आहे. त्याचे उत्तर हिशेबाने द्यावे.

समजा, आपल्याकडे बारा कुंड्या आहेत. प्रत्येक कुंडीला एका वेळी पाव लिटर पाणी पुरते. उन्हाळ्यात अगदी रोज घातले, तरी दिवसाला तीन लिटर झाले. मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंतचे १०५ दिवस धरले, तर ३१५ लिटर. म्हणजे दोनशे लिटरची दोन पिंपे भरलेली असतील, तर अख्खा उन्हाळा निघतो आणि थोडे पाणी उरते. हिवाळ्यात तर आठवड्यातून दोनदा पाणी पुष्कळ होते. त्या दिवसांत वापरलेले पाणी परतीच्या पावसात भरून घ्यावे किंवा तेवढ्यासाठी तिसरे पिंप ठेवावे.

ही पिंपे कशाने भरायची? छतावर पडणाऱ्या पावसाने. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. दहा चौरस मीटरच्या, म्हणजे एका लहान खोलीएवढ्या, छतावर चाळीस मिलिमीटर पाऊस झाला की चारशे लिटर जमते. दोन चांगल्या सरींचे हे काम आहे. दुष्काळी वर्षातही एवढा पाऊस होतो. हंगामातील पहिल्या एक-दोन सरींनी छत धुऊन जाऊ द्यावे आणि मग पन्हळीला नळी जोडून, दुहेरी फडक्यातून गाळून पाणी साठवावे. पिंप गडद रंगाचे आणि घट्ट झाकणाचे असावे. उजेड आत गेला तर शेवाळ धरते आणि फट राहिली तर डास अंडी घालतात. डेंग्यूला आमंत्रण देऊन फुले मिळवण्यात शहाणपण नाही.

पावसाचे पाणी साठवण्याचा आग्रह केवळ बचतीसाठी नाही. काळ्या बेसॉल्ट खडकातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार बरेच असतात. मातीतली झाडे ते सोसतात, कारण माती मध्ये उभी असते. आमरीची मुळे उघडी. पाणी सुकले की क्षार थेट मुळावर बसतात आणि मूळ जाळतात. पानांवरचे पांढरे डाग, कुंडीच्या काठावरची पांढरी पुटे आणि मुळांची काळी पडलेली टोके ही त्याची लक्षणे. खात्री करून घ्यायची असेल, तर स्टीलच्या दोन ताटल्या घ्याव्यात. एकीत बोअरचे आणि दुसरीत पावसाचे पाणी घालून उन्हात आटू द्यावे. पहिल्या ताटलीत उरलेला पांढरा थर पाहिला की आणखी स्पष्टीकरणाची गरज उरत नाही.

पावसाचा साठा संपलाच, तर एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी उपयोगी पडते. त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओ यंत्रातून टाकाऊ म्हणून बाहेर पडणारे पाणी मात्र चुकूनही घालू नये. शुद्ध पाण्यातून काढलेले सारे क्षार त्यातच एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरावे.

पाणी सकाळी घालावे. फॅलिनॉप्सिसच्या पानांच्या मध्यभागी, कोंबात, पाणी साचू देऊ नये. साचलेच तर कापसाने टिपून घ्यावे. शेंडा एकदा कुजला की ती आमरी सहसा वाचत नाही.

वैशाखातील हवा

पाण्याचा प्रश्न असा सुटला, तरी हवेचा उरतोच. आमरीला पन्नास-साठ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे वैशाखातील दुपारी ती वीस टक्क्यांच्याही खाली उतरू शकते. यावर महागड्या यंत्रांची आवश्यकता नाही. कोरड्या प्रदेशातील माणसाने स्वतःला थंड ठेवण्यासाठी जे उपाय पिढ्यान्‌पिढ्या वापरले, तेच आमरीलाही लागू पडतात. हवा जितकी कोरडी, तितके पाणी वेगाने वाफ होते आणि तितका गारवा अधिक मिळतो. मुंबईत निरुपयोगी ठरणारा कूलर मराठवाड्यात घरोघरी चालतो, त्याचे कारण हेच.

खिडकीला लावलेला वाळ्याचा पडदा किंवा ओले गोणपाट हा उत्तम उपाय. पाण्याचा माठ जेथे ठेवतो, त्या कोपऱ्यातील हवा घरातील इतर जागांपेक्षा गार आणि ओलसर असते. फॅलिनॉप्सिससाठी उन्हाळ्यापुरती ती जागा आदर्श. कूलर असेल तर त्याच्या झोताच्या समोर नव्हे, बाजूला कुंड्या ठेवाव्यात. या कामाला क्षारयुक्त पाणीही चालते, कारण क्षार गोणपाटावर किंवा कूलरच्या जाळीवर राहतात. हवेत जाते ती निव्वळ वाफ. आंघोळीचे, भाजी धुतल्याचे पाणी त्यासाठी वापरता येते. चांगले पाणी मुळांना आणि वापरलेले पाणी हवेला, अशी विभागणी केली की पिण्याच्या पाण्याला हात लागत नाही.

अनेक ठिकाणी परातीत खडे आणि पाणी घालून त्यावर कुंडी ठेवायला सांगितले जाते. वाऱ्यावर ठेवलेल्या एकट्या परातीने फारसा फरक पडत नाही. त्यापेक्षा कुंड्या एकमेकींजवळ मांडाव्यात, त्यांच्यात मनीप्लँट, नेचे यांसारखी पानाळ झाडे ठेवावीत आणि पश्चिमेकडून येणाऱ्या झळा अडवाव्यात. सायंकाळी गच्चीची तापलेली फरशी आणि भिंत ओली करावी. रात्री छिद्रे उघडणाऱ्या झाडासाठी ही सायंकाळची ओल विशेष मोलाची असते.

उजेड, खत आणि फुले

गच्चीवर पन्नास ते पंचाहत्तर टक्के सावली देणारी हिरवी जाळी लावावी. खिडकी असेल तर पूर्वेची उत्तम. सकाळचे कोवळे ऊन चालते, दुपारचे पाने भाजते. उजेड पुरेसा आहे की नाही, हे पानच सांगते. पान गडद हिरवे असेल तर उजेड कमी पडतो आहे; ते दिसायला सुंदर असते, पण अशा झाडाला फुले येत नाहीत. पिवळसर झाले तर ऊन जास्त. पोपटी रंग योग्य उजेडाचा.

खतासाठी वेगळ्या शोधाची गरज नाही. द्राक्षबागायतदार वापरतात ते १९:१९:१९ विद्राव्य खत कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळते. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, याहून अधिक नको. आठवड्यातून एकदा, ओल्या मुळांवर. कांड्या पूर्ण वाढल्या की काही आठवडे १३:४०:१३ द्यावे. महिन्यातून एकदा नुसत्या पावसाच्या पाण्याने भरण धुऊन काढावे. उन्हाळ्याच्या ऐन तडाख्यात झाडाची वाढ थांबते, तेव्हा खतही थांबवावे.

फॅलिनॉप्सिसच्या फुलण्यामागे तापमानाचा संकेत असतो. सतत उष्ण हवेत ती पानेच काढत राहते. काही आठवडे रात्री गार मिळाल्या की फुलांचा दांडा फुटतो. दिवाळीनंतरच्या धाराशिवच्या रात्री तिला हा संकेत विनासायास देतात. मुंबईच्या उबदार घरात ज्यासाठी वाट पाहावी लागते, ते येथे खिडकी उघडी ठेवल्याने साधते. दांडा दिसू लागला की कुंडीची दिशा बदलू नये, नाहीतर कळ्या वेड्यावाकड्या वळतात.

कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी ही कीड पानांच्या पाठीमागे धरते आणि पान निस्तेज, चंदेरी दिसू लागते. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पानांच्या बेचक्यात लपतात. ओल्या फडक्याने पाने दोन्ही बाजूंनी पुसणे हा पहिला उपाय. त्यानंतर लिटरला पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून सायंकाळी फवारावे. पावसाळ्यात गोगलगायी रात्रीतून कोवळे कोंब फस्त करतात. तेव्हा कंदील नाही तरी मोबाइलचा दिवा घेऊन एक फेरी मारावी.

रानातली आमरी रानातच

शेवटी एक इशारा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. घाटमाथ्यावरील पर्यटनस्थळी शेवाळात गुंडाळलेल्या, रानातून ओरबाडलेल्या आमरी विकायला आल्या, तर त्या घेऊ नयेत. स्वतःही काढून आणू नयेत. येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यासारख्या संरक्षित वनातून कोणतीही वनस्पती उपटणे हा गुन्हा आहे. निळी व्हँडा, तांबडी व्हँडा म्हणून ओळखली जाणारी रेनँथेरा आणि पॅफिओपेडिलम यांना तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत नावानिशी संरक्षण आहे.

कायद्याखेरीज निसर्गाचेही कारण आहे. आमरीच्या एका शेंगेत हजारो, कधी लाखो बिया असतात, पण त्या धुळीइतक्या सूक्ष्म. त्यांच्यात अंकुराला पोसणारे अन्नच नसते. विशिष्ट बुरशीची सोबत मिळाली तरच बी रुजते, हे फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये दाखवून दिले. फांदीवर ही सोबत मिळून, बी रुजून, पहिले फूल यायला अनेक वर्षे लागतात. ओरबाडायला मात्र एक क्षण पुरतो. आणि असे रोप घरी आणल्यावर बहुधा वर्षभरही टिकत नाही, कारण त्याची मुळे सालीला घट्ट चिकटलेली असतात आणि काढताना तुटतात.

आज त्याची गरजही उरलेली नाही. अमेरिकेतील लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये बुरशीऐवजी साखरयुक्त माध्यमावर बी रुजवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९६० मध्ये फ्रान्सचे जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या इवल्याशा तुकड्यापासून असंख्य रोपे तयार करण्याचा मार्ग दाखवला. एकेकाळी राजेरजवाड्यांची मक्तेदारी असलेली आमरी मध्यमवर्गीयाच्या खिडकीत आली ती या दोघांमुळे. सिक्कीममधील पाकयोंग येथे १९९६ पासून राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्रही कार्यरत आहे. तेव्हा रोप घेताना ते प्रयोगशाळेत वाढवलेले आहे का, हे विचारावे आणि पावती मागावी. विक्रेत्याला उत्तर देता आले नाही, तर दुसरे दुकान पाहावे.

आपल्या जिल्ह्याच्या वनस्पतींकडे अभ्यासकांनी पूर्वीच लक्ष दिलेले आहे. व्ही. एन. नाईक यांचा उस्मानाबादच्या वनस्पतींवरील इंग्रजी ग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला, लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते. ज्या माळरानांना आपण उजाड म्हणतो, त्यांच्यावर काय काय उगवते याची नोंद करण्यासाठी एक अख्खा ग्रंथ लागला, ही गोष्ट येथल्या रहिवाशांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आमच्या घरी पहिली कुंडी गेल्यानंतर दोन वर्षे कोणी ऑर्किडचे नाव काढले नाही. मग एका पावसाळ्यात गच्चीवर दोन पिंपे आली आणि त्यांच्या मागोमाग डेंड्रोबियमची तीन रोपे. पहिल्या वर्षी त्यांनी केवळ मुळे धरली. दुसऱ्या वर्षी, गणपतीच्या सुमारास, एका कांडीच्या टोकाला दांडा निघाला आणि त्याला सात फुले आली. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत चार दिवसांआड नळाला पाणी येत होते. पण कुंड्यांसाठी त्यातला तांब्याही घ्यावा लागला नव्हता. ज्या वाचकांना हा प्रयोग करून पाहायचा असेल, त्यांनी रोपवाटिकेत जाण्याआधी पिंप आणि पन्हळीची नळी यांची व्यवस्था करावी. रोप त्यानंतर आणावे.